‘जंगल लावू या’ म्हणजे नेमकं काय लावू या?

प्रश्न ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीहून आला आहे. खाडीलगत फलक लागलाय: ‘पडीक खाडीकिनारी जंगल लावू या’. विचारणाऱ्यांना एवढंच हवंय, की इथे ‘जंगल’ बरोबर की ‘वन’?

दोन्ही चालतील. चुकलेत ते शेजारचे दोन शब्द, आणि दर पावसाळ्यात वृक्षारोपणाच्या आमंत्रणांत तेच पुन्हा वाचावे लागतात. पडीक म्हणजे एकेकाळी कसलेली आणि मग पडून राहिलेली जमीन. जिथे नांगर कधी गेलाच नाही, तो चिखलपट्टा पडीक कसा? आणि लावतात ती बाग, केळी, कलमं. रान माजतं, जंगल वाढतं. माणसाच्या वाट्याला येतं ते राखणं. ‘राखीव’ शब्द त्यातूनच आला.

रान आणि अरण्य सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडू. ‘जंगल’ मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. मूळ शब्द जाङ्गल, आणि त्याचा अर्थ दाट झाडीच्या अगदी उलट. आयुर्वेदाने भूमीचे तीन प्रकार केले: जांगल, आनूप आणि साधारण. सुश्रुतसंहितेतला जांगल देश आभाळासारखा मोकळा, झाडं विरळ नि काटेरी, पाऊस बेताचा, वारा गरम. चरकसंहितेच्या यादीत तिथे खैर, धावडा, बोर, शमी येतात. महाभारतात कुरुजांगल आहे. बिकानेरचे राजे ‘जंगलधर बादशाह’ म्हणवून घेत, आणि बिकानेर वाळवंटात आहे! ‘जंगल फारशीतून आला’ असं ठोकून देणाऱ्यांनी निदान या संहिता उघडून पाहाव्यात. शब्द इथला आहे.

मग विरळ माळाचा शब्द निबिड झाडीला कसा चिकटला? माझा तर्क असा: जांगल भागाची लोकांच्या डोळ्यांत भरलेली खूण काटेरी झाडं नव्हती, नांगर नसणं ही होती. गुरं चरायची, हरणं फिरायची, पेरणी नाही. तेव्हा ‘नांगर न लागलेली जमीन’ हा अर्थ आधी पक्का झाला. तो शब्द घाटात आणि कोकणात उतरला, तेव्हा इथे नांगर न लागलेली जमीन म्हणजे ठाण्याजवळच्या येऊरसारखी झाडीच होती. म्हणून जंगल दाट झालं. हा तर्क मान्य नसलेले अभ्यासक ‘अर्थविस्तार’ एवढंच म्हणून थांबतात. पण अर्थ का विस्तारला, हे सांगायला नको का?

याचा आजच्या कामाशी थेट संबंध आहे. सोलापूर-नगरकडचा माळ हाच शब्दशः जंगल. तिथे ओळीने खड्डे घेऊन गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावलं की सावलीत मारवेल, पवन्या ही गवतं मरतात आणि माळढोक, तणमोर या पक्ष्यांना उघडी जागा उरत नाही. माळ सुधारायचा तर नांगरट आणि खड्डे बंद करायचे, गवताचं बी झडून गेल्यावरच कापणी करायची, आणि काही पट्टे आलटून पालटून चराईला बंद ठेवायचे.

आपली ठाण्याची खाडी मात्र आनूप. अनूप म्हणजे अनु अधिक अप्, पाण्यालगतचा प्रदेश. इथे ओहोटीला उघडा पडणारा चिखल रिकामा नसतो. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) त्यातलंच शेवाळ गाळून खातात. त्यासाठी २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. या चिखलात रोपं खोचणं म्हणजे पक्ष्यांचं ताट उचलणं. शिवाय समुद्राच्या सरासरी पातळीच्या खाली लावलेलं रोप दिवसातला बराच वेळ बुडालेलं राहतं, पानांवर गाळ बसतो आणि ते मरतं.

खाडीतल्या तिवराला, म्हणजे इथल्या खारफुटीच्या झाडाला, लावण्याची गरज सहसा पडतच नाही. पावसाळ्यात त्याची बदामाएवढी चपटी फळं गळतात, पाण्यावर तरंगतात, साल सुटते आणि आतल्या दोन जाड हिरव्या दलांखालून मूळ चिखलात शिरतं. फक्त पाणी आत यायला हवं आणि, जास्त महत्त्वाचं, बाहेर जायला हवं. रस्त्याच्या भरावाखाली पाइप टाकतात तो अरुंद, आणि बहुधा नाळेच्या, म्हणजे पाण्याच्या वाटेच्या, तळापेक्षा वर. उधाणाला पाणी आत घुसतं, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत अडकून पडतं. तिवराची पेन्सिलीसारखी उभी श्वसनमुळं टोकापर्यंत सतत बुडाली की मुळांना हवा मिळत नाही आणि झाडं उभ्या उभ्या वाळतात. तेव्हा आधी पाइप तळाच्या पातळीला आणायचा, राडारोडा उचलायचा, नाळ मोकळी करायची, मग एक-दोन पावसाळे थांबायचं. बी येतच नसेल तरच रोपवाटिका. फलकावर लिहायचंच तर ‘खाडीची नाळ मोकळी करू या’ असं लिहावं.

‘वन’ हवंच असेल तर सरकारी शब्द ‘कांदळवन’ आहे. २०१२ साली वनखात्याचा कक्षही त्याच नावाने निघाला. मला तो इथे पटत नाही. कांदळ म्हणजे आधारमुळांच्या कमानींवर उभं राहणारं वेगळं झाड, आणि ठाणे खाडीत बहुतेक सगळी तिवरं आहेत. ऐरोलीच्या फलकावर ‘तिवरांचं रान’ शोभेल.