खांदा धरलाय, की क्षय?

प्रश्न : सासूबाईंना (वय ५८, मधुमेह) चार महिन्यांपासून उजवा हात वर नेता येत नाही. ‘फ्रोझन शोल्डर’ (खांदा आखडणं) म्हणून शेक, व्यायाम झाले. उलट दंड बारीक झालाय. आता सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय. घ्यावं का?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : थोडं थांबा. खांद्याच्या क्षयात बऱ्याचदा सूज, पू, ताप काहीच नसतं. सांधा कोरडाच झिजतो, स्नायू वाळतात. तिथे स्टेरॉइड गेलं तर जंतूंना रान मोकळं. आधी खांद्याचा आणि छातीचा एक्स-रे, ईएसआर (शरीरात दाह आहे का, हे दाखवणारी रक्ततपासणी), एमआरआय. पण खात्री होते ती सांध्याच्या आवरणाचा तुकडा तपासून. त्याचा एक भाग फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणारं रसायन), दुसरा सलाईनमध्ये, सीबीनॅट (क्षयजंतूंची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहणं). सगळाच फॉर्मेलिनमध्ये बुडवला की कल्चर होत नाही, हे आधीच बजावा.

क्षय निघाला तर २ महिने चार औषधं, पुढे निदान १० महिने तीन. सरकारी दवाखान्यात मोफत. यातल्या रिफॅम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर घटतो, तेव्हा साखर वरचेवर तपासा. लघवी नारिंगी होते, घाबरू नका; मात्र डोळे पिवळे दिसले किंवा रंग ओळखताना गोंधळ झाला तर लगेच डॉक्टर गाठा. ठणका असेपर्यंत हात झोळीत, मग हळूहळू व्यायाम.