मिस्तरीकाकांना विचारा : फार्गोला दुसरा डिस्ट्रिब्युटर

प्रश्न : काका, आजोबांचा फार्गो ट्रक खळ्यात उभा होता, तो चालू केला. पेट्रोलचं सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं) इंजिन, बॅटरी आता १२ व्होल्टची टाकली आहे. प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलतो, गाडी मिसिंग मारते, आतले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे) सारखे जळतात. भंगारात जीपचा डिस्ट्रिब्युटर मिळाला. बसेल का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, जीपचा परत करा. त्याच्या कॅमला, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या तुकड्याला, चार कोपरे, दर सिलिंडरला एक. तुम्हाला सहा लागतात.

शाफ्ट हलतो म्हणजे बुश, ज्या नळ्यांत तो फिरतो त्या, गेले. दर कोपऱ्याला पॉइंटची फट वेगळी पडते, म्हणून मिसिंग. टर्नरकडून नवे बुश बसवून घ्या, शाफ्ट झिजला असेल तर तोही करून घ्या. मी तरी आधी हेच करीन. पॉइंट जळण्याचं दुखणं मात्र निराळं वाटतं. कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) जुनी ६ व्होल्टचीच आहे ना? तिच्यातून दुप्पट करंट जातो, पॉइंट टिकतील कसे? कॉइल १२ची घ्या, पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सरही बदला.

बॉडीच फुटली असेल तर दुसरा शोधा. अमेरिकेतले हौशी लोक १९६०च्या सुमारास आलेल्या क्रायस्लरच्या ‘स्लँट सिक्स’ इंजिनाचा बसवतात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, तीच, १-५-३-६-२-४, आणि फिरतोही घड्याळाच्या काट्यासारखा. पण त्याच्या बुडाला गिअर असतो. तुमच्याकडे ऑइल पंपाच्या शाफ्टला खाच आहे, तिच्यात डिस्ट्रिब्युटरची जीभ बसते. म्हणजे गिअर काढून जीभ करायची, दांड्याची जाडी आणि लांबी जुन्याशी जुळवायची. लेथवाल्याला जुना नग दाखवल्याशिवाय काम देऊ नका.

फिरण्याची दिशा मी एकदा पाहिली नव्हती. तेव्हा पोरसवदाच होतो, उलट फिरणारा सहाचा डिस्ट्रिब्युटर एका ट्रकला ठोकला. वायरी उलट क्रमाने लावल्या, इंजिन उभ्या जागी शिवणयंत्रासारखं चाललं, मी खूश. चाळीसगाव सोडून कन्नडच्या घाटात लागलो आणि रेडिएटर उकळला, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा नळ) लाल. डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं वेग वाढला की ठिणगी लवकर पडावी म्हणून कॅम पुढे ढकलतात, पण पुढे म्हणजे त्यांच्या मूळ दिशेने. आमचा शाफ्ट उलटा फिरत होता, त्यामुळे वेग वाढेल तसा स्पार्क मागे, म्हणजे उशिरा, पडत गेला. फ्लॅटहेडचा एक्झॉस्ट ब्लॉकमधूनच बाहेर पडतो, तो लगेच तापतो. मालकाने दिलेल्या शिव्या इथे छापता येणार नाहीत.

बसवताना सहाव्या सिलिंडरवर हेडमध्ये छोटा बूच दिसेल. तो काढून सायकलचा आरा आत सोडा, वरचं टोक वाकवून, नाहीतर आत पडेल. पिस्टन सगळ्यात वर आला की आरा थांबतो. पहिला आणि सहावा बरोबरच वर येतात, म्हणून पहिल्याचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा. दाब लागला तर रोटर (डिस्ट्रिब्युटरमधलं फिरतं बोट) पहिल्याच्या वायरीकडे हवा. पॉइंटची फट २० थाउ (इंचाचे हजारावे भाग), आणि ती मोजा बुश बदलल्यावरच.