मालिकेतला जिना आणि माझा स्टूल

प्रश्न: डॉक्टर मॅडम, लग्नाला साडेतीन वर्षं झालीत. मागच्या वर्षी आठव्या आठवड्यात माझं अबॉर्शन झालं, म्हणजे केलं नाही, आपोआपच झालं. त्याच्या चार दिवस आधी मी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला होता. आता गेल्या आठवड्यात आमच्या साडेआठच्या मालिकेत नायिका जिन्यावरून पडली, तिचं बाळ गेलं, आणि सासूबाई टीव्हीकडे बघतच म्हणाल्या, "म्हणून सांगत होते." तेव्हापासून मला झोपच नाही. खरंच माझ्यामुळे झालं का? आणि मिस्टर तपासणीला नको म्हणतात, एकदा राहिलं होतं ना, मग माझ्यात काय प्रॉब्लेम असणार, म्हणे.
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: नाही गं, त्या स्टुलामुळे काही झालेलं नाही. दिवस गेल्याचं कळल्यावर शंभरातल्या दहा-पंधरा जणींचा गर्भ असा पडतो, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, म्हणजे तू स्टुलावर चढायच्या कितीतरी आधीच ते ठरलेलं असतं. शिवाय आठव्या आठवड्यात गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आत असतं, एकदम बंदोबस्तात. डबा काढल्याने त्याला काय होणार!

मालिकावाल्यांची अडचण अशी की गुणसूत्र कॅमेऱ्यात दिसत नाही. जिना दिसतो, सांडलेलं तेल दिसतं, मागून ढकलणारा जावेचा हात दिसतो, मग प्रोमो तयार. आणि घरोघरी बायका त्यातून शिकतात काय, तर बाळ गेलं म्हणजे कुणीतरी काहीतरी केलंच असणार, आणि खऱ्या घरात ढकलणारी जाऊ नसते म्हणून मग सूनच सापडते. (ते नाडी धरून "गोड बातमी आहे" सांगणारे डॉक्टर तर मला अजून कुठल्या कॉलेजात भेटले नाहीत, आम्ही आपले लघवीची टेस्ट करतो.)

मालिकांना हे जमतच नाही असंही नाही हं. दूरदर्शनवर 1984 ला 'हम लोग' आली ती कुटुंब नियोजनाचा विषय घेऊनच, आणि 2014 ला 'मैं कुछ भी कर सकती हूँ' मध्ये तर नायिकाच डॉक्टर होती, मुंबई सोडून गावी जाऊन बायकांसाठी काम करणारी.

आता तुझे मिस्टर. मूल होत नाही अशा जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाचीही बाजू असते, पण मालिकेत उपास नायिकेचे, रिपोर्ट नायिकेचे, हिरोने सॅम्पलची डबी हातात घेतलेली तू कधी पाहिलीस का? एकदा राहिलं होतं म्हणून आज सगळं ठीकच असेल असं नसतं, वीर्याचा दर्जा बदलतो. वर्षभर प्रयत्न करूनही राहत नसेल तर दोघांची तपासणी एकदमच करायची, तुझं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. त्यांची तपासणी सगळ्यात सोपी आहे, दोन ते सात दिवस संबंध टाळायचे आणि सॅम्पल द्यायचं, सुई नाही काही नाही. आणि एकदा गर्भ गेला तरी बहुतेकींचं पुढचं बाळंतपण नीट पार पडतं, हे त्यांनाही सांग.

डॉक्टरकडे जाताना सासूबाईंनाही ने, स्टुलाचं त्यांच्यासमोरच विचार. फक्त अपॉइंटमेंट सकाळची घे, संध्याकाळची घेतलीस तर साडेआठच्या आत घरी पोचायचं म्हणून त्या घड्याळच बघत बसतील.