जीसीसी ११ सी++२० ला सपोर्ट करतो, मग फॉरमॅट हेडर का सापडत नाही?

तुमचं इन्स्टॉलेशन बिघडलेलं नाही, ते पुसून पुन्हा टाकू नका. उबंटू २२.०४ वरचा जीसीसी ११ हा कंपायलर सी++२० चा (सी++ च्या २०२० च्या स्टँडर्डचा) फ्लॅग घेतो, पण फॉरमॅट हेडर (मजकूर साच्यात बसवण्याची सुविधा देणारी लायब्ररीतली फाइल) जोडलं की ‘अशी फाइल नाही’ म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. ते अपेक्षितच आहे. ते हेडर आलं जीसीसी १३ मध्ये.

घोळ ‘सपोर्ट’ या शब्दात आहे. सी++ च्या स्टँडर्डमध्ये भाषा वेगळी आणि लायब्ररी वेगळी. कन्सेप्ट्ससारख्या (टेम्प्लेटवर घालायच्या अटी) गोष्टी भाषेतल्या, त्या कंपायलरला समजाव्या लागतात. फॉरमॅट लायब्ररीतलं, ते कोणीतरी लिहून लायब्ररीत घालावं लागतं. या दोन गाड्या एका वेगाने धावत नाहीत. जीसीसी ४.८.१ मध्ये सी++११ ची भाषा पूर्ण झाली होती, पण लायब्ररीतलं रेजेक्स (मजकुरात नमुने शोधायची सुविधा) कामाचं झालं ते ४.९ मध्ये. ४.८ वर तोच कोड बिनतक्रार कंपाइल व्हायचा आणि चालवला की चुकीची उत्तरं द्यायचा. असली चूक शोधणं फार जिकिरीचं. त्यापेक्षा तुमच्यासारखा कंपाइल होतानाच आलेला एरर मला कितीतरी बरा वाटतो.

त्यामुळे सीप्लसप्लस मॅक्रोच्या (कंपायलर कोणतं स्टँडर्ड वापरतोय ते सांगणाऱ्या आकड्याच्या) किमतीवर विसंबू नका. तुमच्या मशीनवरही तो २०२००२ च दाखवेल. मी आधी व्हर्जन हेडर (त्यात लायब्ररीतल्या सुविधांचे मॅक्रो असतात) जोडतो आणि हव्या त्या सुविधेचा स्वतंत्र मॅक्रो, इथे फॉरमॅटचा, आहे का ते बघतो. जीसीसीच्या कागदपत्रांतही भाषेचा तक्ता आणि लायब्ररीचा तक्ता वेगवेगळ्या पानांवर आहेत. दोन्ही बघा.

नवा क्लँग (जीसीसीसारखाच दुसरा कंपायलर) टाकून बघू, असं मनात आलं असेल तर थांबा. लिनक्सवर क्लँग सहसा जीसीसीचीच लायब्ररी वापरतो, त्यामुळे कंपायलर नवा आणि हेडर जुनीच, अशी गत होते.

फक्त फॉरमॅटसाठी अडला असाल तर एफएमटी लायब्ररी घ्या. स्टँडर्डमधलं फॉरमॅट तिच्यावरूनच आलंय, आणि पुढे बदलायचं झालं तर बहुतेक ठिकाणी हेडर आणि नेमस्पेस बदलून भागतं. सी++२० चं बरंच काही वापरायचं असेल तर उबंटू २४.०४ वर जा, तिथे डिफॉल्टच जीसीसी १३ मिळतो. २२.०४ वरच राहायचं असेल तर टूलचेन टेस्टच्या पीपीएमधून (उबंटूच्या नेहमीच्या पॅकेजेसपेक्षा वेगळा पॅकेज साठा) जीसीसी १३ घेता येतो, पण तो पीपीए तुमच्या मशीनवरची लायब्ररीही नवी करतो. प्रोग्रॅम तुमच्याकडे चालेल, आणि दुसऱ्या साध्या २२.०४ वर जीएलआयबीसीएक्सएक्सची (जीसीसीच्या सी++ लायब्ररीची) अमुक आवृत्ती सापडत नाही म्हणून सुरूच होणार नाही, असं होऊ शकतं. तिथे द्यायचा असेल तर लिंक करताना सी++ ची लायब्ररी स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच, जोडा.

सीमेक (प्रोजेक्ट बिल्ड करायचं साधन) वापरत असाल तर स्टँडर्ड २० लिहिताना ‘स्टँडर्ड रिक्वायर्ड’ पण ऑन करा. नाहीतर कंपायलर जुना असला की सीमेक न सांगता खालच्या स्टँडर्डवर उतरतो.