शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांशी व्यापार करत होते का?

हो, आणि तोही चक्क गव्हाचा! १९७२ च्या मे महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन मॉस्कोला गेले आणि सोव्हिएत नेते ब्रेझनेव्हबरोबर अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारे करार झाले. त्याच वर्षी रशियात पीक बुडालं, तेव्हा सोव्हिएत खरेदीदारांनी गुपचूप वेगवेगळ्या अमेरिकन कंपन्यांकडून प्रचंड धान्य उचललं. एका कंपनीला दुसरीच्या सौद्याचा पत्ता नव्हता. वर अमेरिकन सरकार निर्यातीवर अनुदान देत होतं, म्हणजे शत्रूला स्वस्तात गहू आणि भुर्दंड आपल्याच करदात्याला! नंतर जगभर गव्हाचे भाव भडकले. (आपल्याकडे तेव्हा ७२ चा दुष्काळ चालू होता. पुढच्या वर्षी सोव्हिएत संघाने भारताला २० लाख टन धान्य उसनं दिलं.)

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि जानेवारीत अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी धान्यविक्री रोखली. मॉस्कोने अर्जेंटिनाकडून माल घेतला, फटका बसला तो अमेरिकन शेतकऱ्याला. गंमत म्हणजे ही बंदी एप्रिल १९८१ मध्ये उठवली त्यांच्यानंतर आलेले कट्टर कम्युनिस्टविरोधी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी. क्षेपणास्त्रांवर खर्च वाढवत होते तेच. शेतकऱ्यांना निवडणुकीत शब्द दिला होता ना!