सकाळी सात ते सव्वासात

तुमचा प्रश्न आहे: "नोकरी बरी आहे, घरचं ठीक आहे, दिवसभर मान वर करायला फुरसत नसते. तरी रात्री पाठ टेकली की वाटतं, आजचाही दिवस असाच गेला. आयुष्याचा उद्देश कसा शोधायचा, आणि जे खरंच महत्त्वाचं आहे त्याला वेळ कुठून आणायचा?"

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. उद्देशाचा विचार मी बरीच वर्षं नुसता बसून केला आणि हाती काही लागलं नाही. वेळेचा प्रश्न मात्र एके दिवशी अंगावरच आला.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बाबांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं. याला वाचाघात म्हणतात. बाबांना समोरचं कळत असायचं, काय म्हणायचंय तेही मनात असायचं, फक्त शब्द सापडायचा नाही. जन्मभर बोलत आलेला माणूस 'पाणी' म्हणायला धडपडताना बघणं फार अवघड असतं. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपिस्ट बाई यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मधल्या दिवसांत घरच्या कोणीतरी रोज थोडा वेळ सराव घ्यायचा. थोडाच, पण रोज. आणि माझ्या हातात चित्रांच्या कार्डांचा एक गठ्ठा दिला.

तो गठ्ठा जवळजवळ पाच महिने कपाटावर पडून होता.

त्या काळात मी रिकामी बसले होते असं नाही. औषधांच्या वेळा, तपासण्यांची फाईल, विम्याचे कागद, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट, वर ऑफिस. दिवसभर मी बाबांसाठीच धावत होते. त्यांच्याजवळ बसत मात्र नव्हते. हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता, कारण दमून रात्री अंथरुणावर पडलं की आपण आपलं कर्तव्य केलं असंच वाटायचं.

एकदा बाईंनी विचारलं, "या आठवड्यात किती दिवस सराव झाला?" मी म्हटलं, "सवड मिळेल तसा करतो." त्या काही बोलल्या नाहीत. एका कागदावर सात उभे रकाने आखले, प्रत्येक रकान्यात अर्ध्या अर्ध्या तासाची घरं पाडली आणि म्हणाल्या, "आठवडाभर जे होईल ते फक्त लिहा. सुधारायला जाऊ नका."

आठवड्याचे तास 168. म्हणजे 336 घरं. मी प्रामाणिकपणे भरली. रविवारी रात्री तो कागद पुढ्यात घेतला तेव्हा बाबांच्या सरावाचं घर एकच होतं, तेही अर्धं भरलेलं. फोनवर नुसतं काहीबाही बघण्यात एकोणीस घरं गेली होती. पण मला जास्त लागलं ते बाकीच्या घरांचं. ती सगळी कामं रास्त होती. एकाही कामाला 'हे कशाला केलंस' असं म्हणता आलं नसतं. प्रत्येकाला मुदत होती, प्रत्येकामागे विचारणारं कोणीतरी होतं. कार्डांच्या गठ्ठ्याला मुदत नव्हती आणि बाबा तर विचारूच शकत नव्हते.

तुमच्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं. महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा हाक मारत नाही. मुदतीचं काम मारतं, आणि आपण हाकेला ओ देतो. 2018 मध्ये मेंग झू, यांग यांग आणि क्रिस्टोफर शी या संशोधकांनी यावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात असं दिसलं की काम तातडीचं आहे असं नुसतं भासलं तरी लोक ते आधी उचलतात, दुसऱ्या कामातून जास्त फायदा होणार असला तरीही. मात्र निवड करण्याच्या क्षणी परिणामांची आठवण करून दिली की हा ओढा कमी होतो. मी त्यातून एवढंच घेतलं: गठ्ठ्यातलं एक कार्ड लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवलं. रोज मेल उघडायच्या आधी ते दिसायचं.

मग वेळ ठरवली. 'रोज सराव घ्यायचा' हे मी शंभरदा ठरवलं होतं, त्याने काही होत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे: नुसत्या इराद्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं ठरवलेलं तडीला जाण्याची शक्यता बरीच जास्त असते. आमचं ठरलं ते असं: बाबांची दाढी करून झाली की खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांवर बसायचं. सात ते सव्वासात. कार्डं रात्रीच खिडकीत काढून ठेवायची, म्हणजे सकाळी शोधाशोध नको.

संध्याकाळ का नाही? कारण संध्याकाळ आपल्या हातात नसते. कामाला किती वेळ लागेल याचा आपला अंदाज नेहमी कमीच निघतो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये या चुकीला नावही दिलं, पण ती आपण सगळेच रोज करतो. सहाला संपणारं काम आठला संपतं आणि ते दोन तास जातात संध्याकाळच्या वाट्यातून. जे उरलेल्या वेळात करायचं ठरवलं, त्याच्यासाठी वेळ उरत नाही. सवड म्हणजे उरलेला वेळ, आणि मी बाबांना पाच महिने उरलेलाच वेळ देऊ करत होते.

आता याची किंमत सांगते, कारण वेळ काढायचे उपाय सांगणारे लोक ती बहुधा सांगत नाहीत. ऑफिसात सकाळी सव्वासातला एक कॉल असायचा, त्याच्या तयारीसाठी मी पावणेसातपासून लॅपटॉपसमोर असायचे. मी सांगितलं, "साडेसातनंतरच जमेल." वरिष्ठांना ते आवडलं नाही आणि त्यांनी ते बरेच दिवस जाणवू दिलं. विम्याचे सगळे कागद भावाकडे सोपवले. तो माझ्याइतकं नीट करणार नाही याची मला खात्री होती, आणि पहिले दोन महिने त्याने खरोखरच नीट केलं नाही. आणि एक वाचनगट होता, दर बुधवारी रात्री. मी तो सुरू करणाऱ्यांपैकी एक, आणि तोही सोडला, कारण बुधवारी झोपायला बारा वाजायचे आणि गुरुवारची सकाळ हातची जायची. फालतू गोष्टी सोडायला कोणाला दुःख होत नाही. खरी ओढाताण होते ती चांगली गोष्ट सोडताना. तुमच्या यादीतही अशी एक तरी असणार. तिला हात लावायची तयारी नसेल तर बाकीचं सगळं वेळापत्रक कागदावरच राहील असं मला मनापासून वाटतं.

बसायला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट कळली. मी खुर्चीवर असायचे, पण डोकं रात्रीच्या मेलमध्ये. संशोधक सोफी लरॉय यांचा 2009 चा अभ्यास हेच सांगतो: एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्यात अडकून राहतो. मला ते बाबांनी दाखवून दिलं. एकदा फोन थरथरला म्हणून मी खिशाकडे बघितलं. नजर वर केली तर त्यांनी हातातलं कार्ड मांडीवर पालथं ठेवलं होतं आणि खिडकीबाहेर बघत बसले होते. त्या दिवसापासून फोन आतल्या खोलीत असतो.

सराव कसा असतो तेही सांगते. मी किल्लीचं चित्र दाखवते. बाबा बघतात, ओठ हलतात आणि येतं, "कु... कुलूप." लगेच स्वतःच मान हलवतात, चुकलं हे त्यांना कळलेलं असतं. मग उजव्या हाताची दोन बोटं हवेत फिरवतात, किल्ली फिरवावी तशी. मला 'किल्ली' म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं, पण बाईंची सक्त ताकीद आहे: शब्द सांगायचा नाही, मनात दहा मोजायचे. समोर माणूस धडपडत असताना दहा आकडे किती लांब असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी आठपर्यंत पोचले होते. "की... किल्ली." त्यांनी कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं आणि पुन्हा म्हणाले, "किल्ली."

मधे खाडे झाले. माझं आजारपण, ऑफिसात ऑडिट. एक दिवस चुकला की आता सगळं विस्कटलं असं मला वाटायचं. तसं नसतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कोणाला 18 पुरले तर कोणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नव्हतं. त्यामुळे खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी सातला बसायचं, भरपाई म्हणून अर्धा तास करायला जायचं नाही.

उद्देशाचं म्हणाल, तर मी तो काहीतरी मोठा, एकदम उजेड पडावा तसा असेल असं समजत होते. माझ्याकडे तो असा कधीच आला नाही. त्या पंधरा मिनिटांच्या आधाराने इतर गोष्टी मात्र आपोआप जागेवर बसायला लागल्या. नवं काम आलं की मी आधी बघते, सकाळ जाते का? जात असेल तर उत्तर ठरलेलं असतं. पूर्वी अशा निर्णयांना मला आठवडे लागायचे.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर 'माझा उद्देश काय' असं विचारू नका, ते फार धूसर आहे. त्याऐवजी आठवडाभर घरं भरा आणि शेवटी बघा, तुम्ही कोणाला किंवा कशाला सगळ्यात जास्त वेळा 'नंतर' म्हणालात, आणि म्हणताना आत कुठेतरी टोचलं. टोचणारी गोष्टच घ्या. अर्धवट राहिलेलं शिक्षण असेल, एखादी कला असेल, घरातलं एखादं माणूस असेल. एकच घ्या आणि तिला दिवसातली अशी पंधरा मिनिटं द्या जी अजून कोणी मागितलेली नाहीत.

दोन गोष्टी मात्र नक्की सांगायच्या आहेत. घरं भरल्यावर खरोखरच एकही मोकळं नसेल, तान्हं बाळ असेल किंवा दोन-दोन नोकऱ्या असतील, तर तुम्ही कुठे कमी पडताय असं नाही. तिथे वेळापत्रक नको, मदत हवी, आणि ती मागायला हवी. आणि कशातच मन लागत नाही, एरवी आवडणारंही नकोसं वाटतं असं कित्येक आठवडे चाललं असेल, तर हा वेळेचा प्रश्न नाही. कृपा करून डॉक्टरांना दाखवा.

बाबा आता छोटी वाक्यं बोलतात. गेल्या महिन्यापासून क्रियापदांची कार्डं सुरू झाली आहेत: धावणे, शिवणे, उघडणे. जुना गठ्ठाही आम्ही मधूनमधून काढतो. फार थकलेल्या दिवशी किल्लीला अजून कुलूपच म्हणतात. मग स्वतःच मान हलवतात, दोन बोटं हवेत फिरवतात, आणि मी मनात मोजायला लागते.