घर आवरून ठेवू नका, अवघड तास दाखवा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच लागली नाही. बाळ ३३व्या आठवड्यात झालं, आता सात आठवड्यांचं आहे, उचललं की मान फिरवतं, तुम्हाला त्याच्याबद्दल काही वाटत नाही. त्यात तुमचं नाव ‘जोखीम असलेले पालक’ म्हणून नोंदवलंय आणि मंगळवारी घरी येऊन मदत करणाऱ्या कार्यकर्तीची पहिली भेट आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, “तिला काय सांगू आणि काय लपवू?” त्या ‘लपवू’साठीच लिहायला बसलेय. सहा वर्षांपूर्वी मी सगळंच लपवलं होतं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. आमच्या घरी जे झालं ते आणि त्यानंतर हपापल्यासारखं जे वाचलं, तेवढंच माझ्यापाशी आहे. गृहभेट म्हणजे काय, किती वेळा येतात, हे तुम्हाला पत्रकात मिळेल, त्यात मी शिरत नाही.

माझा मुलगा ३१व्या आठवड्यात झाला. २६ दिवस काचेत होता. घरी आणला तेव्हा मला त्याची भीती वाटायची, बाकी काही नाही. पहिल्या भेटीच्या दिवशी मी पहाटे उठून फरशी पुसली. बाळाला पाजलं, कपडे बदलले, धुतलेल्या दुपट्यात गुंडाळून निजवलं. स्वतः केस विंचरून बसले. बाई आल्या, घर बघून म्हणाल्या, “छान ठेवलंय हो सगळं.” मग दहा प्रश्नांचा कागद काढला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. माझ्या एका बाजूला सासूबाई, दारात नवरा उभा. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच स्वतःला दोष दिला का, घाबरल्यासारखं झालं का. मी प्रत्येकाला तोंडभर हसून उत्तर दिलं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा. त्याला मी “छे, काहीतरीच” म्हटलं. आदल्याच रात्री मी न्हाणीघराचं दार लावून तासभर आत बसले होते. माझे गुण आले तीन.

तो कागद तुमच्याही समोर येण्याची शक्यता आहे, म्हणून त्याबद्दल नीट सांगते. एडिंबरा प्रसूतिपश्चात नैराश्य मापनी असं त्याचं नाव. जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ती प्रसिद्ध केली. दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. साधारणपणे १० किंवा जास्त आले की नीट लक्ष द्यायचं आणि १३ किंवा जास्त आले की पूर्ण तपासणी करायची, असं धरतात. दहाव्या प्रश्नाचं उत्तर मात्र एकूण गुण कितीही असले तरी वेगळं बघायचं असतं. आणि मापनीच्या सूचनांमध्येच लिहिलंय की आईने कागद स्वतः भरायचा आणि उत्तरांची चर्चा दुसऱ्या कुणाशी होणार नाही याची काळजी घ्यायची. माझ्या बाबतीत ते झालं नाही. पण खोटं बोलले ती मी, हेही तितकंच खरं.

त्या तीन गुणांनी माझे चार महिने खाल्ले. ज्या कार्यालयाकडून भेटी ठरायच्या, त्याने आम्हाला ‘कमी गरज’ गटात टाकलं. दर आठवड्याची भेट दोन महिन्यांतून एकदा झाली. पाच आठवड्यांनी माझा धीर सुटला आणि मी स्वतः फोन केला. रडत होते, शब्द फुटत नव्हते. पलीकडून उत्तर आलं, “तुमच्या फॉर्मवर तसं काही दिसत नाही. पुढच्या भेटीत सांगा.” मग अर्ज दिला. महिन्याने कळवलं की फॉर्म पुन्हा भरून घेण्याची पद्धत नाही. आजही हे लिहिताना हात थरथरतो. ज्या फॉर्मचा प्रत्येक प्रश्न गेल्या सात दिवसांबद्दल आहे, त्यावरचं उत्तर चार महिने कसं चालेल? दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यायला काय लागतं? माझ्यासारख्या किती जणी ‘कमी गरज’च्या फायलीत बसून राहिल्या असतील, हा विचार मनातून जात नाही.

त्या चार महिन्यांत मी त्याचं सगळं केलं. वेळेवर पाजलं, शी-शू काढली, औषधं दिली. पण त्याच्याशी बोलले नाही. कारण सांगते, आणि इथे तुम्ही कृपा करून नीट लक्ष द्या. सगळीकडे वाचलं होतं की बाळ सहा ते आठ आठवड्यांचं झालं की आईकडे बघून हसतं. सहा झाले, आठ झाले, दहा झाले. तो हसला नाही. मी ठरवून टाकलं की ह्याला मी नकोय, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघणंच सोडलं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे हे टप्पे जन्मतारखेपासून मोजायचे नसतात, दिवस भरण्याच्या तारखेपासून मोजायचे असतात. एवढं एक वाक्य मला कुणी सांगितलं नाही. माझा मुलगा नऊ आठवडे आधी आला, म्हणजे त्याच्या हसण्याची वाट पंधराव्या आठवड्याच्या पुढे बघायला हवी होती. तुमचं बाळ सात आठवडे आधी आलं आणि आज सात आठवड्यांचं आहे. ताई, हिशोब करून बघा. त्याचे दिवस आत्ता कुठे भरलेत. नुकत्याच जन्मलेल्या बाळाकडून जेवढी अपेक्षा ठेवाल, तेवढीच त्याच्याकडून ठेवा. त्याचं हसू अजून सहा-आठ आठवडे लांब असेल, आणि त्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. (चालू-बोलू लागण्याच्या टप्प्यांनाही साधारण दोन वर्षांपर्यंत हाच हिशोब लावतात. लसी मात्र सहसा जन्मतारखेप्रमाणेच देतात, त्यात गल्लत करू नका.)

आता मान फिरवण्याबद्दल. माझ्याकडे पुढे दुसऱ्या बाई यायला लागल्या. त्यांची आधीची भेट लांबली आणि त्या दुपारऐवजी संध्याकाळी सहाला दारात उभ्या राहिल्या. घरात पसारा, माझ्या खांद्यावर दुधाची ओकारी, बाळ किंचाळतंय, आणि मी एकाच वेळी त्याला झुलवतेय, गातेय, खुळखुळा वाजवतेय. त्या सरळ येऊन जमिनीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “गाणं थांबवा. आता खुळखुळा ठेवा. नुसतं धरा.” मी थांबले. त्यांनी त्याच्या हाताकडे बोट दाखवलं. पाचही बोटं फाकलेली होती. मग उचकी लागली, मग त्याने मान वळवली. “तो ‘पुरे’ म्हणतोय,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला नको म्हणत नाहीये. वाट बघा, येईल परत.” आम्ही तिघंही गप्प. कदाचित एखादं मिनिटच गेलं असेल, पण मला ते फार लांब वाटलं. मग त्याचे डोळे हळूहळू माझ्या हनुवटीपर्यंत आले आणि तिथून वर.

लवकर जन्मलेली मुलं आवाज, स्पर्श आणि हालचाल एकदम आली की लवकर थकतात. म्हणून एका वेळी एकच. बघत असेल तर झुलवू नका, झुलवत असाल तर बोलू नका. चेहरा त्याच्यापासून वीत-सव्वा वीत अंतरावर ठेवा, नवजात बाळाला तेवढ्यावरचंच जरा नीट दिसतं.

पुढच्या खेपेला त्यांनी माझ्याच फोनवर मी बाटली देतानाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढला. माझ्या शेजारी बसून दाखवला आणि एका जागी थांबवला. मी बाटलीवरच्या रेषा बघत होते, किती प्यायलाय ते. आणि तो चोखायचं थांबवून माझ्याकडे बघून हसत होता. मला माहीतच नव्हतं. ते चित्र तसंच थांबवून त्यांनी विचारलं, “हा कुणाकडे बघतोय?” मला उत्तर देता आलं नाही, मी नुसती रडत राहिले. व्हिडिओ दाखवून काम करण्याची ही पद्धत अनेक देशांत वापरतात. आरोग्यसेवेसाठी सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांतही तिची शिफारस केली आहे. तुमच्याकडे येणाऱ्या बाईंना विचारा, त्यांना ही पद्धत येत असेल तर सोडू नका.

त्याच बाईंनी मला एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या कामाबद्दल सांगितलं. आई आणि बाळ समोरासमोर खेळतात तेव्हा चांगल्या जोड्यांचेही सूर साधारण ३० टक्केच वेळ जुळतात. बाकी वेळ चुकतात आणि परत जुळवून घेतात. मी तोवर शंभर टक्क्यांच्या मागे होते.

‘जोखीम’ या शब्दाने तुम्हाला लागलंय ते कळतं, मलाही लागलं होतं. पण तो तुमच्यावरचा शेरा नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, आधीचं नैराश्य, फार लहान वय, एकटेपणा, स्वतःच्या लहानपणी खाल्लेला मार, अशा परिस्थितीची ती यादी असते. अमेरिकेत डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७७मध्ये एल्मायरा या गावात नर्स घरोघरी पाठवून जो प्रयोग सुरू केला, तोही मुख्यतः तरुण, एकट्या किंवा गरीब आयांसाठी होता आणि त्यांच्या मुलांना पुढे कित्येक वर्षं त्याचा फायदा दिसला. पण गृहभेटीने सगळं सुटतं असंही नाही. त्याच प्रयोगात असं दिसलं की ज्या घरात बाईला वारंवार मारहाण होत होती, तिथे मुलांची हेळसांड आणि मारहाण टळण्यात हा फायदा उतरला नाही. तुमच्या घरी तसं काही असेल तर ते पहिलं सांगा, एकटीत सांगा.

सासूबाईंसमोर बोलायची अडचण असेल तर माझं मत स्पष्ट आहे, विषय बाळाचा काढा. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत साध्या आरोग्यसेविकांनी उदास आयांना घरी जाऊन मदत केली, तेव्हा घरच्यांपुढे विषय बाळाच्या वाढीचाच ठेवला होता. त्याला कोण नाही म्हणणार? २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत मदत मिळालेल्यांपैकी २३ टक्के बायका नैराश्यात होत्या, बाकीच्यांत ५३ टक्के. फॉर्म निघाला की मात्र म्हणा, “मी आतल्या खोलीत बसून स्वतः भरते.” हा तुमचा हक्क समजा.

बाळ काढून घेतील ही भीती मलाही होती. नियम सगळीकडे सारखे नसतात, म्हणून पहिल्याच भेटीत विचारा की तुम्ही काय लिहून घेता, ते कोण वाचतं, आणि कोणती गोष्ट वर कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. चांगली कार्यकर्ती न चिडता उत्तर देते. उडवाउडवी झाली तर दुसरी बाई मागा. आणि कार्यालयाशी जे काही बोलाल ते लेखी बोला, तारीख घाला, प्रत ठेवा. मी फोनवर रडले, त्याची कुठेच नोंद नव्हती.

एक गोष्ट मंगळवारपर्यंत थांबू शकत नाही. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात ठाण मांडून बसला असेल, दोन-दोन दिवस झोप नसतानाही अंगात विचित्र जोर वाटत असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर हे अर्धवट वाचून सोडा आणि कुणाला तरी सोबत घेऊन आजच दवाखाना गाठा. आणि नुसतं रडणं असह्य झालं तर बाळाला पाठीवर सपाट, मोकळ्या पाळण्यात ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. त्याला त्याने काही होत नाही.

नवऱ्यालाही बसवा त्या दिवशी. माझा नवरा दारातच उभा राहिला, त्याला कुणी ‘तू कसा आहेस’ विचारलंच नाही. तोही झोपत नव्हता, हे मला दीड वर्षाने कळलं.

मंगळवारची वेळ सकाळची दिली असेल तर उद्याच फोन करून बदलून घ्या. तुमचं बाळ सर्वांत जास्त कधी रडतं, ती वेळ मागा. भांडी तशीच राहू द्या. आणि आज रात्री बाळ झोपलं की मला जे लिहिलंत तेच, ‘मला काही वाटत नाही’ हे वाक्यसुद्धा, एका कागदावर लिहून ठेवा. तोंडातून शब्द निघाला नाही तर तो कागद त्यांच्या हातात द्या. मंगळवारी रात्री मी इथेच आहे, काय झालं ते दोन ओळी का होईना कळवा.